अनसिंगचा पूर्ववत संगणक

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अनसिंग येथील उकंडरावांच्या घरातला संगणक आपणहून मागे गेला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यानं परस्पर एक अद्यतन उतरवून घेतलं होतं, ते त्याला पचलं नाही, आणि पडद्यावर शुद्ध मराठीत मजकूर झळकला : ‘आपला संगणक पूर्ववत करण्यात येत आहे. कृपया बंद करू नये.’ उकंडरावांना ही भाषा फार आवडली. तहसिलीत त्यांच्याशी इतक्या आदरानं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली, खुर्ची ओढली आणि काम पुरं होईपर्यंत बटणाजवळ कोणाला फिरकू दिलं नाही.

तासाभरानं संगणक उघडला, तो मागच्या आवृत्तीत जाऊन बसला होता. फायली सगळ्या जागेवर होत्या. त्या उघडणारा नवा प्रोग्रॅम तेवढा पुसला गेला होता. उकंडरावांच्या मुलीनं, योगिनीनं, आदल्याच दिवशी नव्या आवृत्तीत जतन केलेल्या आपल्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. उत्तर आलं : ‘ही फाइल पुढील आवृत्तीत जतन केलेली असल्याने उघडता येत नाही.’ म्हणजे फाइल होती, पण ती भविष्यकाळातली होती.

त्या फाइलमध्ये योगिनीचे एकतीस आठवडे होते. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिनं गावातल्या तेवीस विहिरी निवडल्या होत्या आणि दर आठवड्याला टेप सोडून पाणी किती फुटांवर आहे ते मोजलं होतं. या आकड्यांवर तिला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळायची होती. अर्जाची मुदत सोमवारपर्यंत होती. वहीवर तिचा विश्वास नव्हता, कारण वही भिजते. विज्ञान शिकलेली असल्यामुळे तिनं फाइलची दुसरी प्रतही ठेवली होती : त्याच संगणकात, शेजारच्या फोल्डरमध्ये.

इलाज सरळ होता. नवी आवृत्ती पुन्हा उतरवायची. वीज टिकली तर पाच तास. ती बटण दाबणार, एवढ्यात शेजारचे लखीरामकाका चपला काढत आत आले.

“योगिनी, थे विहीर-नोंदीचं पोर्टल एकडाव टाकून पाय ना वं.”

“काका, हे मांगं गेलं. आधी दुरुस्त करू द्या मले.”

“मांगं जाऊ दे नाही त खड्ड्यात जाऊ दे. टाकून त पाय!”

ज्या शेतकऱ्याला पंपाची नवी जोडणी हवी, त्यानं विहिरीतली पाण्याची पातळी या पोर्टलवर शुक्रवारी पाचपर्यंत भरायची होती. गेले आठ दिवस ते जिल्ह्यात कुठंही उघडत नव्हतं. योगिनीनं काकांचं समाधान व्हावं म्हणून पत्ता टाकला. पोर्टल उघडलं. मागे गेलेल्या संगणकाची आणि शासनाची अखेर गाठ पडली होती.

‘पाणी किती फुटांवर आहे?’ असा रकाना आला.

“टाक चाळीस,” काका म्हणाले.

“काका, तुमच्या विहिरीत पाणी सव्वीसवर हाय. कालच मोजलं मी.”

“थे तुह्या टेपानं. सरकारले गोल आकडा बरा दिसते.” आणि त्यांनी माउस स्वतःच्याच हातात घेतला.

शेवटी एक चौकोन होता : ‘वरील माहिती खरी व अचूक असल्याचे मी प्रमाणित करतो.’

“वाचा तरी, काका.”

“वाचत बसलो असतो त आज तुह्यासारखा घरी बसलो असतो.” काकांनी खूण केली. पावती आली.

दुपारपर्यंत अंगणात रांग लागली. योगिनीची आई रंगूबाई चौथ्यांदा चहा ठेवताना म्हणाली, “दूध सरलं, आता काळाच पेजा.” प्रत्येकानं चाळीसच भरले. “लखीरामचं चाळीसवर पास झालं. माहं खरं सांगून नापास झालं त?” हा युक्तिवाद बिनतोड होता. बुधवारी मेडशीची माणसं एसटीनं आली. त्यांच्याही विहिरींत पाणी चाळीसवरच निघालं. शास्त्रीय निष्कर्ष असा की, या भागात जमिनीखाली पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट पसरलं आहे. खरे आकडे त्याच संगणकात, वीतभर अंतरावर, भविष्यात अडकून पडले होते.

गुरुवारी नोंदीचे तालुका समन्वयक हरीओम साहेब स्वतः आले. योगिनी म्हणाली, “सर, मला संगणक पुढच्या आवृत्तीत न्यायचा आहे. सोमवारी माझी मुदत संपते.”

“ताई, पोर्टल मांगं हाय, त तुमी काहून पुढं जाऊन राह्यल्या?” साहेबांनी प्रेमानं विचारलं. “शासनाच्या संगं चाला.”

“शासनानं पुढं यावं ना.”

“तसा काही आदेश नाही.”

त्यांनी पडद्याच्या वर एक पत्र डकवलं : ‘सदर संगणक जनहितार्थ आहे त्या जुन्या स्थितीत ठेवण्यात यावा. कोणतीही सुधारणा केल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ उकंडरावांनी पत्राला हळद-कुंकू लावलं.

शुक्रवारी तीन वाजता पोर्टल अद्ययावत झालं. आता ते फक्त नव्या आवृत्तीत उघडणार होतं. रांगेत साठ माणसं उरली होती.

“एवढी शिकलेली पोरगी, अन् संगणक जुना ठेवते!” रांगेतला सोमला ओरडला. “आमचे पंप बुडवले हिनं!”

साडेतीनला हरीओम साहेब दुसरं पत्र घेऊन आले : ‘वारंवार सूचना देऊनही सदर संगणक अद्ययावत का ठेवण्यात आला नाही, याचा लेखी खुलासा करावा.’ पहिलं पत्र त्यांनी जाताना हळद-कुंकवासकट काढून नेलं.

शनिवारी वीज टिकली. संगणक पुढं आला, फाइल उघडली, सगळे आकडे जसेच्या तसे होते. योगिनीला रडू आलं, ते तिनं टॉवेलात उरकलं. सोमवारी अर्ज गेला.

पंधरा दिवसांनी शिष्यवृत्ती कार्यालयाचं उत्तर आलं. ‘आपली आकडेवारी व पोर्टलवरील अधिकृत नोंद यांत गंभीर तफावत आढळते. अधिकृत नोंद ही शेतकऱ्यांनी स्वतः प्रमाणित केलेली असून, ती आपल्याच घरच्या संगणकावरून प्राप्त झालेली आहे. तरी आपले आकडे अधिकृत नोंदीप्रमाणे सात दिवसांत पूर्ववत करावेत. अन्यथा अर्ज बाद समजण्यात येईल.’

योगिनीनं कार्यालयाला फोन लावला. “मॅडम, मी स्वतः टेप टाकून मोजलं आहे.”

“तुम्ही एकट्यांनी मोजलं ना? तिकडे अख्ख्या गावानं मोजलं आहे,” पलीकडून उत्तर आलं.

उकंडरावांनी पत्र दोनदा वाचलं. एकच शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला. “मंग करून टाक ना पूर्ववत. मशीननं त घंट्याभरात केलं होतं. तू त एम.एस्सी. हायस.”

सातव्या दिवशी दुपारी तिनं फाइल उघडली. तेवीस विहिरी, एकतीस आठवडे, सातशे तेरा रकाने. एक आज्ञा दिली आणि चार सेकंदांत सगळीकडे चाळीस झाले. कुंपणापलीकडे लखीरामकाकांच्या विहिरीत पाणी अजून सव्वीसवरच होतं. त्याला कोणी कळवलं नव्हतं.

अर्जाच्या तळाशी तोच चौकोन आला : ‘वरील माहिती खरी व अचूक असल्याचे मी प्रमाणित करते.’ योगिनीनं तो मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचला आणि खूण केली.

निदान तिनं वाचून केली. तुम्ही मागच्या वेळी केली, तेव्हा वर काय लिहिलं होतं?