सासूबाईंच्या माशांचं पाणी

सासूबाईंनी दहा दिवस परगावी जाताना आपली माशांची टाकी लेकीच्या घरी आणून ठेवली आणि लेकीला सांगितलं, "तू बघ गं." हा 'तू' हेडक्लार्कसाहेबांना चांगलाच झोंबला. सोळा वर्षं जावई असूनही या बाईंनी त्यांच्या हाती साधी छत्रीसुद्धा विश्वासानं दिली नव्हती. "पाणी मी सांभाळीन!" साहेब छाती फुगवून म्हणाले, आणि तिथेच फसले.

टाकी दोन फुटांची. आत झाडं इतकी दाट, की बोटाएवढे सहा मासे दिसले तर दिसले. साहेबांनी पाणी तपासायचा संच आणला, रजिस्टर आखलं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर अमोनिया. पहिल्याच दिवशी किंचित हिरवट झालं. (किंचित म्हणजे, नळी बायकोच्या पिवळ्या साडीला लावून बघितली तेव्हा.)

"सगळी घाण फिल्टरमध्ये आहे!" साहेबांनी निदान केलं आणि फिल्टरचा स्पंज साबण लावून नळाखाली खसाखसा धुतला.

"अहो, काय केलंत! पाणी साफ ठेवणारे जंतू त्या स्पंजातच राहतात. आई कधी साबण लावत नाही त्याला."

"जंतू? मी असताना?"

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ आणि नळी गर्द हिरवी. साहेबांचं धाबं दणाणलं. मासे मेले तर सासूबाई बोलणार नाहीत, नुसत्या बघतील. ते बघणं साहेबांनी लग्नात एकदा सोसलं होतं.

त्यांनी सरळ रजा टाकली. सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहिल्या, क्लोरीन मारायचे थेंब मोजून घातले. "खायला मी घालते, तुम्ही पाण्याचं तेवढं बघा," बायको म्हणाली. मासे दिसेनासे झाले, तेव्हा साहेबांनी रजिस्टरात शेरा मारला, 'झाडांत विश्रांती घेत आहेत.' हळूहळू हिरवं फिकं पडलं. दहाव्या दिवशी नळी लख्ख पिवळी! कंबर मोडली होती, पण साहेब हवेत होते.

सासूबाई आल्या. चष्मा लावून त्यांनी आधी टाकी पाहिली, मग रजिस्टर पान न् पान वाचलं.

"वा, जावईबापू! इतकं स्वच्छ पाणी माझ्या हातून कधी झालं नाही."

सोळा वर्षांनी! आता मासेही दाखवावेत म्हणून साहेबांनी बाही सारून कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि झाडं बाजूला करू लागले.

सासूबाई लेकीकडे वळल्या. "जा गं, शेजारच्या काकूंच्या टाकीतून आपले मासे घेऊन ये. आणि त्यांच्या फिल्टरचा एखादा मळका स्पंजही माग."

"आपले मासे?" साहेब जागीच थिजले.

"पाणी दुधाळ झालं त्याच दिवशी आईला फोनवर विचारून नेऊन ठेवले," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही रजेचा अर्ज लिहीत होतात."

"आता मासे सोडायचेत, जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा हात तेवढा बाहेर काढा."