उम्म मिस्कालच्या कच्च्या रोट्या

जॉर्डनमधल्या मादबाजवळच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचा तंदूर अख्खाच्या अख्खा सापडला आणि मुकादम अबू मिस्कालने चौथ्या दिवशी त्यात रोट्या लावल्या. आता अम्मानहून उत्खननाच्या प्रमुख डॉक्टर रबाबबाई येणार, घरचा तंदूर दोन टेकड्या पलीकडे, आणि पाहुणीपुढे गार रोटी ठेवायची म्हणजे सात पिढ्यांना बट्टा! त्याने बायकोला पीठ घेऊन बोलावलं आणि स्वतः जैतुनाच्या ताज्या फांद्या तोडून आणल्या.

रबाबबाईंनी तेलात बुडवून दोन रोट्या खाल्ल्या. "वा! कुठे भाजल्यात?"

अबू मिस्कालने मिशीला पीळ देत तंदुराकडे बोट केलं.

बाईंचा घास हातातच राहिला. "अहो, ही माती शेवटची तापली तेव्हा होकायंत्राची सुई कुठे वळली असती, ते तिच्यात जपलेलं असतं. पृथ्वीचं चुंबक शतकागणिक सरकतं, तेच मोजायला आलेय मी! आता ती जुनं विसरून आजची दिशा धरून बसली असेल तर? हात लावू नका म्हणून तीनदा बजावलं होतं!"

"हात कुणी लावला, बाई? रोट्या कापडाच्या गादीनं आत थापल्या!"

"मुकादमी गेली तुमची."

बावीस वर्षांची मुकादमी! अबू मिस्कालने डोक्यावरचा रुमाल काढून बाईंपुढे धरला. बाईंनाच दया आली. "एकच आशा आहे. ताव कमी पडला असेल तर जुनी आठवण शाबूत असेल. रोट्या नीट भाजल्या होत्या का?"

सगळे त्याच्या बायकोकडे, उम्म मिस्कालकडे बघू लागले. तिच्या हाताखाली रोटी शिकायला पंचक्रोशीतल्या नव्या नवऱ्या येत.

अबू मिस्कालने बायकोला लाडाच्या हाकेनं विनवलं, "काकाच्या लेकी, सांग ना कच्च्या होत्या म्हणून!"

"माझी रोटी कच्ची? वल्लाह, तुझी मुकादमी गेली खड्ड्यात!"

"बरं. मग उद्यापासून मी घरीच. दिवसभर. तुझ्या शेजारी बसून कणीक कशी मळायची ते सांगेन."

उम्म मिस्काल घाईघाईने रबाबबाईंकडे वळून म्हणाली, "कच्च्या होत्या. नुसता चिखल!"

"खरं सांगू?" रबाबबाई हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्याकडे अशाच खातात."

बाईंनी मातीचे तुकडे नेऊन तपासले. जुनी दिशा जशीच्या तशी निघाली, मुकादमी वाचली. पण अहवालात पुरावा म्हणून लिहिलं गेलं, 'उम्म मिस्काल यांच्या रोट्या कच्च्या होत्या.' हे कानावर येताच ती बस पकडून थेट अम्मानला गेली आणि एक तळटीप घातल्याशिवाय खुर्चीवरून उठली नाही.

अहवाल आता देशोदेशी वाचतात. तळटीप अशी आहे: 'लाकडं ओली होती. ती नवऱ्याने आणली होती.'