आप्पांच्या गाडीतली बिडी

इंजिन फिरतंय पण धरत नाही, अशी गाडी कुणी समोर आणली की आकारामनानांना मनापासून आनंद व्हायचा! सगळी उमेद फौजेचे ट्रक दुरुस्त करण्यात गेलेली. रिटायर होऊन ते मलकापूरजवळच्या गावी ऊस लावून बसले, तरी कुणाची गाडी अडली म्हटलं की जेवणाचं ताट सारून उठायचे.

"इंजिनला तीनच गोष्टी लागत्यात. तेल, हवा आन् ठिणगी! ह्यातलं कायतरी कमी पडलं की ते रुसतं. बाकी कारण या दुनियेत न्हाई!"

हे त्यांनी गावाला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्यांनी "तेल" म्हटलं की समोरचा माणूसच "हवा, ठिणगी" म्हणून मोकळा व्हायचा.

त्या दिवशी मात्र नानांना इंजिनाची नाही, लग्नाची काळजी होती. पुतणी राजनंदिनीचं सांगलीत लग्न होतं. तिचे वडील आप्पासो, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, आदल्या वर्षी वारले. दोघा भावांची घरं शेजारी, विहीर सामाईक, आणि बोलणं बंद! विहिरीच्या पाण्याची पाळी आणि बांधावरची चिंच, या दोन गोष्टींवरून त्यांनी अबोला धरला तो धरलाच. अगदीच काही सांगायचं झालं तर दोघंही आपापल्या बैलाकडे बघून मोठ्यानं बोलायचे. आप्पा गेले तेही न बोलताच. नाना ते कुणाला दाखवत नसत, पण ते त्यांना आत फार लागलं होतं.

अशात राजनंदिनी स्वतः घरी आली. म्हणाली, "काका, कन्यादान तुम्ही आणि काकूंनीच करायचं. आणि मी आप्पांच्या गाडीतनंच सासरी जाणार. ती तुम्हीच घेऊन यायची." नाना उठले आणि काहीतरी आठवल्यासारखं करून गोठ्यात गेले. डोळे पुसून परत आले तेव्हा वैनी, म्हणजे आप्पांची बायको, दारात उभ्या होत्या. त्या कोरडेपणानं म्हणाल्या, "येतील तवा खरं! येळंवर आलं न्हाईत, तर माझा भाऊ हाय पाटावर बसायला."

तेव्हा नानांनी छातीवर हात मारून सांगितलं, "वैनी, ज्या गाडीच्या स्टिअरिंगवर मी बसलोय, ती गाडी कवा थांबलेली न्हाई!"

लग्नाच्या सकाळी असं धुकं पडलं की कृष्णाकाठ कुठं संपतो आणि ऊस कुठं सुरू होतो ते कळेना. वैनी आणि नवरी आदल्या दिवशीच सांगलीला गेल्या होत्या. आप्पांची पेट्रोल गाडी शेडमध्येच झेंडूच्या माळांनी सजली आणि पहिल्याच किल्लीला सुरू झाली. नाना खूश! शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको राहीबाई मात्र नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आवं, अजून आप्पांच्या बिडीचा वास येतोय हितं."

"मग काय अत्तराचा यायचा? जन्मभर ओढली की त्यांनी!"

राहीबाईंच्या मांडीवर एक पुडी होती. आटपाडीकडच्या देवरुष्यानं मंतरून दिलेलं तांब्याचं यंत्र! हाताच्या पंजाएवढा, कागदासारखा पातळ पत्रा. नवरीच्या ट्रंकेत टाकायचा, म्हणजे तिला कुणाची नजर लागणार नाही.

तासगावच्या अलीकडे उसाच्या आडरस्त्याला एक म्हसोबा आहे. लग्नाची गाडी त्याला नारळ दिल्याशिवाय पुढे न्यायची नाही, ही जुनी रीत. नानांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि दोघं उसाच्या कडेनं आत गेली. नारळ फुटला, शेंदूर लागला. परत येताना धुक्यात आधी फक्त झेंडू दिसला, मग काच दिसली, आणि राहीबाई जागच्या जागी थांबल्या.

गाडीत, चालकाच्या जागेवर, लाल ठिपका पेटला. विझला. परत पेटला. अगदी निवांत, कुणीतरी झुरके घेत बसल्यासारखा.

"आवं," राहीबाईंनी नानांची बाही ओढली, "आप्पा बसल्यात."

"ग-गप! आत कोण न्हाई." नाना म्हणाले खरं, पण पाऊल काही पुढे पडेना. शेवटी रामाचं नाव घेऊन त्यांनी दार उघडलं. आत कुणी नव्हतं. समोरच्या पट्टीवर एक बारका लाल दिवा लुकलुकत होता, आणि बिडीचा वास मघापेक्षा जास्त येत होता. नानांच्या ट्रकांना असला दिवा कधी नव्हता.

"किल्ली द्या हिकडं!" राहीबाईंनी फौजी आवाजात हुकूम सोडला. त्यांनी पुडी सोडली, तांब्याचा पत्रा किल्लीच्या डोक्याभोवती गच्च गुंडाळला आणि वर काळा दोरा आवळला. "आता येत्यात का बघू गाडीत! बांधून टाकलं त्यास्नी."

नानांनी किल्ली घातली. फिरवली.

कुईं... कुईं... कुईं... कुईं...

इंजिन फिरलं. जोरात फिरलं. पण धरेना!

नानांना उलट हुरूप आला. आता आली की गोष्ट आपल्या हद्दीत! "बॅटरी झ्याक हाय, ऐकलंस न्हवं? म्हंजे आता तेल, हवा, ठिणगी!" काटा बघितला, पेट्रोल भरपूर. बॉनेट उघडलं. आत इंजिनच दिसेना! एक मोठं काळं प्लॅस्टिकचं झाकण, आणि त्यावर कंपनीचं नाव. फौजेच्या ट्रकात नाना कमरेपर्यंत आत उतरायचे, इथं बोट घालायला जागा नव्हती. त्यांनी झाकणावर दोनदा थोपटलं, दिसली ती एक नळी हलवली आणि बॉनेट लावून टाकलं. हवेचा प्रश्न नव्हता, ती तर चौफेर होती.

कुईं... कुईं... कुईं...

लाल दिवा आता भराभरा लुकलुकायला लागला.

"चिडल्यात," राहीबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात धुक्यातून धडधड करत उसाचा ट्रॅक्टर आला. कानटोपी घातलेल्या ड्रायव्हरनं न थांबताच ओरडून विचारलं, "काय पावणं, तिघं कुठं निघालाय?"

"तिघं?" नाना ओरडले. "दोघंच हाय आमी!"

"आन् मागं फेटंवालं बसल्यात ते?"

ट्रॅक्टर धुक्यात गेला. नानांनी मागं वळून बघायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात फौजेत त्यांनी इंजिन उतरवून परत बसवलं असतं. मागच्या सीटवर खरंच फेटा होता! खाली कोटही होता. आणि तो कोट नानांचाच होता. लग्नात घालायचा म्हणून सकाळी त्यांनीच हँगरला अडकवला होता आणि बांधून आणलेला फेटा सीटच्या उशीवर चढवला होता. आपलाच फेटा बघून माणसाला इतका घाम फुटलेला गावानं पाहिला नाही, हे बरं झालं.

आता फोन वाजला. वैनी!

"कुठं आलाय भावजी? गुरुजी खोळंबल्यात. भावाला बसवू का पाटावर?"

"नगा वैनी! आलोच! हे काय, जवळच हाय!" नानांनी अंगठ्यानं फोन बंद केल्यासारखा केला आणि पुढच्या काचेपाशी ठेवला. परत किल्ली. परत कुईं कुईं. बाहेर उसाची पानं वारा नसताना सळसळली. नानांच्या तीन गोष्टी संपल्या होत्या. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात जोडले.

"दादा," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडात किती वर्षांनी आला होता! राहीबाईंनी चमकून बघितलं.

"दादा, तुला आवडत न्हाई, तर मी मांडवात माइक धरणार न्हाई. भाषण करणार न्हाई. झालं समाधान?"

कुईं... कुईं... कुईं...

"बरं. बांधावरची चिंच वैनीला दिली. बुडख्यासकट!"

कुईं... कुईं...

"बुधवारचं पाणी! माझ्या पाळीतलं. तेबी वैनीला!"

"आवं, बुधवारचं?" राहीबाई भीती विसरल्या. "आपल्या उसानं काय करायचं?"

"गप गं! हितं वाटाघाटी चालल्यात!"

कुईं... कुईं... आणि मग नुसती शांतता. लाल दिवा लुकलुकत होता.

"आता आणि काय पायजे तुला दादा? जाताना तू बोलला न्हाईस, मीबी उंबरा चढलो न्हाई. ऱ्हायलं ते ऱ्हायलं. पण पोरीचा हात तरी माझ्या हातनं देऊ दे रं. तुझी पोर हाय, तशी माझीबी हाय न्हवं?" आणि साठी उलटलेला हा फौजी माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला.

राहीबाईंना ते बघवेना. "त्यांचं काय चुकलं न्हाई. माझंच चुकलं," म्हणत त्यांनी किल्ली ओढून काढली, दात लावून काळा दोरा तोडला आणि तांब्याचा पत्रा सोलून फेकून दिला. "सोडलं बघा आप्पा तुमास्नी! आपल्याच माणसाला कोण बांधून घालतं व्हय?"

नानांनी आशा सोडूनच किल्ली फिरवली.

गाडी एका दमात सुरू झाली! पट्टीवरची बिडी विझली.

तासगाव मागं पडल्यावर दोघांत भांडण लागलं. नाना म्हणत, बुधवारच्या पाण्यावर सौदा जमला. राहीबाई म्हणत, पाण्याचं नाव नका काढू, मी सोडलं म्हणून आप्पा निवळले. सांगलीच्या कार्यालयाच्या फाटकात गाडी शिरली तरी निकाल लागला नव्हता.

वैनींचा भाऊ पाटावर बसायच्या बेतात होता. वैनींनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि नानांकडे बघून नुसतं म्हटलं, "बसा." आजूबाजूच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. नानांनी राजनंदिनीच्या ओंजळीखाली हात धरला. पाण्याची धार सांडली ती निम्मी त्यांच्या धोतरावर! पण कन्यादान झालं. नानांनी वर मांडवाच्या कापडाकडे बघून मान हलवली.

जेवणं झाल्यावर त्यांनी सगळी हकिकत राजनंदिनीला सांगितली, तर ती पोट धरून हसायलाच लागली. "अहो काका, या किल्लीच्या डोक्यात चिप असते! गाडी तिला ओळखते, मगच पेट्रोल सोडते. काकूंनी वर तांबं गुंडाळलं, गाडीला किल्ली ओळखूच येईना! आणि तो लाल दिवा चोरापासून राखण करायचा. गाडी बंद असली की लुकलुकतो."

नानांच्या जिवात जीव आला. म्हणजे आप्पा नव्हतेच! आणि आप्पा नव्हते, तर सौदा कसला? ते तडक वैनींकडे गेले. "वैनी, एक सांगायचं हुतं..."

"सांगायचं काय ऱ्हायलंय? फोन चालूच हुता, भावजी. माजं हात हळदीचं, म्हणून पोरींनी आवाज मोठा करून ठेवलेला. समद्या मांडवानं ऐकलं."

नानांचा चेहरा पडला. "पण वैनी, ते भ्यालो म्हणून बोललो. कारण निसतं चिप हुतं!"

"गाडी बंद पडायचं कारण चिप असंल," वैनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तुमी 'दादा' म्हणून हाक मारली, ती काय चिपनं? लय वाट बघितली हो त्यांनी त्या हाकंची." मग त्यांनी पदर सारखा केला. "चिंच ऱ्हाऊ द्या, पोरं खात्यात. बुधवारचं पाणी मातर घेणार!"

गावी आल्यावर नानांनी शांतपणे विचार केला. भूत खोटं, म्हणजे वचनही खोटं. बुधवारी भर उन्हात ते विहिरीवर गेले, इकडंतिकडं बघितलं आणि मोटारीचं हिरवं बटण दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. काहीच नाही! विहिरीतल्या पाण्यावर एक तरंग उठला. आणि कुठून कोण जाणे, बिडीचा वास आला.

"बरं बरं, दादा!" नाना म्हणाले आणि जवळजवळ पळतच निघाले. पंपाच्या खोलीची चावी वैनींच्या ओट्यावर ठेवली आणि मगच घरी येऊन दम खाल्ला.

"आवं," राहीबाई चुलीपासून म्हणाल्या, "सकाळधरनं लाइट न्हाई, ठावं हाय न्हवं? ह्या आठवड्यात आपल्याला रातचीच लाइट हाय."

नानांना ते माहीत होतं, फक्त बटण दाबताना आठवलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं. पण एकदा लाइट आल्यावर बटण दाबून खात्री करून घ्यावी, असं काही त्यांना वाटलं नाही.