अडकलेल्या दारासाठी योग्य हत्याराची निवड

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला खरा फरक अवजाराने पडतो, असं जाणकार सांगतात. यात थोडी दुरुस्ती हवी. माकडसुद्धा काडी घालून वारुळातल्या मुंग्या काढतं. पण मुंग्या खाऊन झाल्या की ते काडी फेकून देतं, आणि म्हणूनच ते माकड राहतं. माणूस काडी पुसतो, तिला तेल लावतो, तिच्या मापाची फ्लॅनेलची पिशवी शिवून घेतो, तशाच आणखी डझनभर काड्या मिळवतो आणि मुंग्यांचं साफ विसरून जातो. संस्कृती म्हणतात ती हीच.

या कसोटीवर पोलादराव अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ होते. (पोलादराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांच्या मेव्हण्याने ठेवलं. ती थट्टा आहे हे पोलादरावांच्या अजून ध्यानात न आल्यामुळे ते चांगलं रुळलं.) विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुतारकामाच्या हत्यारांचा छंद धरला. सुतारकामाचा नव्हे, हत्यारांचा. हा भेद ज्यांना कळत नसे त्यांच्याशी ते बोलत नसत, आणि ज्यांना कळे त्यांच्याशी दुसरं काही बोलत नसत.

मुलगी लग्न होऊन गेली आणि तिची खोली हत्यारांना मिळाली. उजव्या भिंतीवर लाकूड तासायचे रंधे, डावीकडे करवती, समोर लाकूड कोरायच्या पटाश्या. गंज चढू नये म्हणून कपाटात ओल शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या ठेवलेल्या, ज्या नव्या बुटांच्या खोक्यात निघतात. पुड्या कमी पडू लागल्या तेव्हा पोलादरावांनी सगळ्या नातेवाइकांना नवे बूट घ्यायचा आग्रह सुरू केला. पायांची काळजी करणारा एवढा मायाळू माणूस आपल्या घराण्यात आहे, याचं अनेकांना कौतुक वाटलं.

या हत्यारांनी आजवर काय तयार झालं, असा प्रश्न एका पाहुण्याने एकदा विचारला होता. उत्तर सोपं होतं: हत्यारं टांगायच्या खुंट्या. (पाहुणा पुन्हा आला नाही. बुटातली पुडीही त्याने पाठवली नाही.)

हत्याराचा आत्मा धार. धार तपासायची शास्त्रशुद्ध पद्धत एकच. पातं हातावर आडवं ठेवून अलगद पुढे न्यायचं. केस न दुखता, न कळता निघाले पाहिजेत. पोलादराव रोज सकाळी धार लावत आणि रोज तपासत. हत्यारं पुष्कळ आणि हात दोनच, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत ते कधीच गुळगुळीत झाले होते. ते ज्या हस्तावजार मंडळाचे सभासद होते तिथे सगळ्यांचीच ही अवस्था होती. मंडळाच्या सभेला ओळखपत्र विचारत नसत. बाही वर करायला सांगत.

आता बाथरूमच्या दाराकडे वळू.

हे दार वर्षभर अडकत होतं. ओलीने फुगून चौकटीत घट्ट बसे आणि मग आतल्याने ढकलायचं, बाहेरच्याने ओढायचं, असा प्रकार चाले. "एवढी हत्यारं आहेत घरात, तर त्या दाराची कड जरा तासा ना," असं पत्नीने पोलादरावांना सांगून वर्ष झालं होतं. पोलादरावांनी विषय तत्काळ अभ्यासाला घेतला होता. अभ्यास अजून चालू होता.

त्या दिवशी सकाळी पोलादरावांच्या आई अंघोळीला गेल्या आणि दार असं बसलं की निघेचना.

आईंना घाई होती. अकराला खाली एका मैत्रिणीकडे त्यांचा पत्त्यांचा डाव असे. चौघी मैत्रिणी, चाळीस वर्षांची बैठक. मागच्याच आठवड्यात असं ठरलं होतं, की यापुढे कोणी वेळेवर आली नाही तर तिच्या जागी खालच्या मजल्यावरच्या बाईंना बसवायचं. या बाई एकदा बसल्या की उठत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. एका लग्नात त्या नवरीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि फोटो तसेच काढावे लागले होते.

"अरे, दार अडकलंय बघ," आई आतून म्हणाल्या.

"अडकलं नाही आई, फुगलंय."

"फुगू दे नाहीतर रुसू दे. तू उघड."

पत्नीने येऊन जोर लावून ओढलं. दाराची मूठ तिच्या हातात आली. दार आपल्या जागी राहिलं.

"बघितलंस?" पोलादराव म्हणाले. "लाकडावर जबरदस्ती नाही चालत. लाकडाशी बोलावं लागतं."

"मग बोला. मी पोळ्यांचं बघते."

पोलादराव खोलीत गेले. इथे हे नमूद करायला हवं, की आईबद्दल त्यांना मनापासून माया होती आणि आपण अजिबात वेळ घालवत नाही आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. साधा माणूस हाताला येईल ते हत्यार उचलतो. पोलादराव साधे नव्हते. लांब रंधा सरळ कडेसाठी असतो, पण दाराला जुना रंग होता आणि रंगाने पातं बोथट होतं. आखूड रंधा रंगाला चालला असता, पण तो गेल्याच आठवड्यात चमकवलेला. तिसऱ्याची मूठ अक्रोडाची, तिला ओल चालत नसे. चौथा डावखुऱ्यांसाठी होता. (पोलादराव डावखुरे नाहीत. पण पुढेमागे घरात कोणी निघालं तर?)

अशा वेळी दुसरं मत घ्यावं. त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. खुर्चीवरचा पेशंट तोंड उघडं टाकून ते ताबडतोब निघाले, यावरून मंडळातला बंधुभाव दिसून यावा. येताना त्यांनी आपला लहान आरसा आणला होता. तो दाराच्या फटीत घालून त्यांनी वरपासून खालपर्यंत तपासणी केली.

"वरून तिसऱ्या जागी दाब आहे," ते म्हणाले. मग सवयीने त्यांनी विचारलं, "गार-गरम लागतं का?"

"गारच लागतंय," आई आतून म्हणाल्या. "डोकं ओलं आहे माझं. कोण आलंय?"

"आमचे अध्यक्ष आहेत, आई."

"त्यांना लाथ मारता येते का विचार."

दोघांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिलं, जशी नजर सुशिक्षित माणसं अशिक्षित सूचनेनंतर टाकतात. शेवटी लांब रंधाच घ्यायचा ठरला. पात्याला ताजी धार लावण्यात आली. आणि इथे खरी अडचण उभी राहिली. धार लावली खरी, पण ती तपासायची कशावर? पोलादरावांचे दोन्ही हात गुळगुळीत. अध्यक्षांचेही. पोलादरावांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाहिला, पण पोटऱ्या त्यांनी मागच्या महिन्यातच संपवल्या होत्या. न तपासलेलं पातं दाराला लावणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा. आत खुद्द आई असताना तर नाहीच नाही.

"जावई!" पोलादराव एकदम म्हणाले.

जावई दोन गल्ल्या सोडून राहत. बँकेत नोकरी, शांत स्वभाव, आणि हातांवर केस असे की घड्याळ शोधावं लागे. लग्नात त्यांच्याबद्दल सगळी चौकशी झाली होती, पण या गुणाची नोंद एकट्या पोलादरावांनी केली होती. निरोप मिळताच ते धावत आले. आजी अडकल्या आहेत आणि आपल्या हातांची गरज आहे, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. येताच त्यांनी बाह्या वर केल्या.

"वा!" अध्यक्षांच्या तोंडून निघालं.

जावयांना खुर्चीवर बसवण्यात आलं.

"आधी दाराचं बघू या ना, बाबा?"

"दाराचंच चाललंय. हलू नका."

पत्नी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. "अहो, काय चाललंय हे? जावई आहेत ते!"

"म्हणून तर विचारून करतोय."

डाव्या हाताचा अर्धा भाग न दुखता, न कळता साफ झाला. दोघांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जावयांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मराठीत अजून शब्द नाही. मग रंधा जोडून, पातं केसभर मागे घेऊन, पोलादराव दारापाशी गेले, पवित्रा घेतला आणि थांबले.

दाराची कड रंधायची तर दार उघडं पाहिजे. दार उघडायचं तर कड रंधलेली पाहिजे.

पोलादरावांनी रंधा दाराला आधी उभा लावून पाहिला, मग आडवा.

"काय रे, गेलात का सगळे?" आतून आवाज आला.

"नाही आई. एक तांत्रिक अडचण आहे."

"आणि मी आत आहे ती कसली अडचण?"

"ती घरगुती."

"अरे, पावणेअकरा झाले असतील! ती खालची बाई जिन्यात येऊन उभी राहिली असेल!"

हे ऐकून पत्नीचा संयम सुटला. ती सरळ हत्यारांच्या खोलीत गेली. समोरच्या भिंतीवर मधोमध, काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर एक पटाशी होती. समुद्रापलीकडच्या एका लोहाराने ती बनवली होती. तो लोहार मनाला आलं तरच भट्टी पेटवे आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव पत्राने विचारून मगच हत्यार देई. पोलादरावांचा स्वभाव त्याला पसंत पडायला तीन वर्षं लागली होती. या पटाशीने अजून लाकूड पाहिलंही नव्हतं. रविवारी तिच्यावर फक्त उजेड पडू देत.

पत्नीने ती उचलली, दाराच्या फटीत खुपसली आणि डब्याचं घट्ट झाकण काढतात तशी पिळली.

दोन आवाज झाले. पहिला दाराचा. ते उघडलं. दुसरा बारीक होता, चहाच्या कपाचा कान जाताना होतो तसा.

"उघडलं एकदाचं," पत्नी म्हणाली आणि करपत्या पोळीकडे धावली.

पोलादरावांनी पटाशी उजेडात धरली. पटाशीच्या धारेचा एक कोपरा गेला होता. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, पण ज्याचा जातो त्यालाच कळतं. "कोणी पाय हलवू नका!" अध्यक्ष ओरडले, आणि तिघेही गुडघ्यांवर बसून बाथरूमसमोरच्या बोळातली फरशी चाचपू लागले. अध्यक्षांनी आरसा काढला. जावयांनी मोबाइलचा दिवा लावला. बऱ्याच वेळाने तुकडा पायपुसण्याच्या सुतात सापडला, तेव्हा पोलादरावांना हुंदका आवरला नाही. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बातमी मंडळात पसरली आणि फोन सुरू झाले. एक पक्ष म्हणत होता, कोपरा तसाच ठेवा, इतिहास आहे तो. दुसरा म्हणत होता, धार मागे घ्या, आयुष्य पुढे चालायला हवं. शेवटी दुसऱ्या पक्षाचं ऐकून धारेच्या दगडावर पाणी शिंपडलं गेलं, आणि दुपारपर्यंत पटाशी पुन्हा आरशासारखी झाली. पूर्वीपेक्षा नखाएवढी आखूड, पण तेजात कमी नाही. शेवटच्या परीक्षेसाठी जावयांनी आपला उजवा हात स्वतःहून पुढे केला. सोहळा साधाच झाला, पण सगळ्यांचे डोळे पाणावले.

पटाशी वाचली, हे वाचून तुम्हालाही हायसं वाटलं असेल. वाटणारच. मात्र दार उघडल्यापासून इथपर्यंत आईंचं नाव निघालेलं नाही, आणि तुम्हीही ते काढलं नाहीत.

सकाळी तुकड्याचा शोध चालू होता तेव्हा त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. केसांना टॉवेल, हातात अंघोळीलाही सोबत नेलेला पत्त्यांचा बटवा. "मी जाते रे," असं त्या म्हणाल्या, तर तिघांनी एकदम "पाय टाकू नका!" म्हणून हात आडवे केले. त्या थांबल्या. तेवढ्यात खालून फोन आला, की बाई बसल्या. पत्नीने तो निरोप ओरडून सांगितला. आईंनी बोळातल्या तीन वाकलेल्या पाठींकडे थोडा वेळ पाहिलं, मग त्या पुन्हा आत गेल्या आणि दार आतून असं ओढून घेतलं की चौकटीतून भुगा पडला.

त्या अजून आतच आहेत. दार पूर्वीपेक्षा घट्ट बसलं आहे. पोलादराव आणि अध्यक्ष योग्य रंध्याचा नव्याने विचार करत आहेत, पण जावयांचे दोन्ही हात संपले आहेत. ज्यांना आईंची खरोखर काळजी वाटत असेल, त्यांनी कृपया आपली बाही वर करावी.