पंचेचाळीस अंशांची चूक

पाळणाघरांच्या अर्जांसाठी लिहिलेला नवा प्रोग्राम चुकला तर काय करायचं, हे ठरवायला वॉर्ड कचेरीत बैठक भरली. प्रोग्राम लिहिणाऱ्या उकाईबाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांची सात महिन्यांची सुझुना घरी सासूबाईंजवळ होती. सासूबाई मार्चअखेर आपल्या गावी, निईगाताला परतणार. एप्रिलपासून पाळणाघरात जागा मिळाली नाही तर बाईंची नोकरी सुटणार, हे साऱ्या कचेरीला ठाऊक होतं.

"एखादा अर्ज नियमात बसला नाही, तर पडद्यावर काय दाखवायचं?" बाईंनी विचारलं.

"चूक केवढी, त्यावर आहे," विभागप्रमुख होरिगोमेसाहेब गंभीरपणे म्हणाले. "लहान असेल तर कारकून माफी मागायला पंधरा अंश वाकेल. मध्यम असेल तर मी तीस. मोठी असेल तर वॉर्डप्रमुखांना पत्रकारांसमोर पंचेचाळीस अंश वाकावं लागतं."

"मग?"

"त्यांची कंबर धरलीय."

कमरेचा विचार करून मोठी चूक रद्द झाली. मग साहेबांनी स्वतःची कंबर चाचपली आणि मध्यम चूकही रद्द झाली. लहान चुकीला कारकुनांनी हरकत घेतली. जेवणाच्या सुट्टीआधी आराखड्यात चूक उरलीच नाही.

"पण साहेब, झालीच तर?"

"कागदावर नाही ती होईलच कशी, उकाईबाई? आणि व्हायचीच असेल, तर नम्रपणे होऊ द्या."

तेव्हा नियमात न बसणाऱ्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर ठरलं : 'आपला अर्ज आपुलकीने विचाराधीन आहे.' विचाराधीन मूल जागेची वाट पाहत नसतं, म्हणून ते प्रतीक्षायादीतून वजा. बाईंना घरी जाऊन सुझुनाला पेज भरवायची घाई होती. त्यांनी आराखड्यावर आपल्या नावाचा शिक्का उमटवला.

फेब्रुवारीत निकाल लागला. प्रतीक्षायादी शून्य! कचेरीत शुभप्रसंगी करतात तो अझुकीच्या दाण्यांचा लाल भात वाटला. बाईंनी हात पुसून आपला अर्ज उघडला. आपुलकीने विचाराधीन.

सुझुनाचा जन्म एक एप्रिलचा. तिथल्या कायद्याप्रमाणे माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच वर्षाने मोठा होतो. त्यामुळे मार्चअखेरच्या वयाच्या हिशेबात प्रोग्रामच्या एका रकान्यात पोर तान्ही होती, दुसऱ्यात वर्षाची. दोन्ही रकाने एकमेकांकडे बघत थांबले होते.

बाई लेकीला पाठीशी बांधून खिडकीवर गेल्या. "साहेब, एक ओळ बदलायचीय. पाच मिनिटांचं काम."

"बदलायला आधी चूक नोंदवावी लागते."

"नोंदवते की."

"रकाना कुठाय? आराखडा तुमचा, शिक्काही तुमचाच."

"माझी नोकरी जाईल हो!"

"विचार चालूच आहे, बाई."

"कोण करतंय विचार? आत कुणीसुद्धा नाहीय!"

मागे तीसेक आईबाप पोरं घेऊन उभे होते. सगळ्यांच्या हातात तोच निरोप. बाई आशेने वळल्या. "तुमचंही अडकलंय ना? चला, सगळे मिळून सांगू, की चूक आहे."

एक बाप कडेवरचं मूल थोपटत हळूच म्हणाला, "ताई, ओरडू नका. आमचं विचाराधीन आहे. उगाच चूक सापडली, तर आमचा विचार थांबायचा."

रांगेने माना डोलावल्या.

बाईंनी राजीनामा दिला; तो त्याच दुपारी मंजूर झाला. त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं.

तुम्ही त्या रांगेत नव्हता, हे खरं. तुमचा अर्ज दुसऱ्या खिडकीवर विचाराधीन आहे.