पट्टी मागच्या भिंतीवर

कपाट जागेत शिरत नव्हतं, आणि दशांशराव हातातला कागद नाचवून सांगत होते की ते शिरायलाच हवं.

दशांशराव हे नाव त्यांना कचेरीतल्या लोकांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. गाळण्यांच्या कारखान्यात ते फोटोंवरून मोजमाप करत. जाळीचा तुकडा काचेवर ठेवायचा, शेजारी पट्टी ठेवायची, वरून फोटो काढायचा, की संगणक भोकांची मापं सांगून मोकळा. हे करता करता गृहस्थाचा असा समज झाला होता की जगात मोजण्यासारखं जे काही आहे ते फोटोत आहे, आणि टेप घेऊन वाकणारा माणूस अडाणी आहे.

घर बदलल्यापासून त्यांच्या बायकोचे कपडे पलंगाखालच्या बॅगांत कोंबलेले होते. एक कपडा काढायचा तर तिला जमिनीवर पालथं पडावं लागे. शेवटी झोपायच्या खोलीत, दोन भिंतींच्या मधल्या खोलगट जागेत कपाट बसवायचं ठरलं. ती बिचारी हरखून टेप घेऊन आली.

"टेपला झोळ पडतो, हात हलतो," दशांशराव म्हणाले. "फोटो हलत नाही."

त्यांनी मागच्या भिंतीवर पट्टी चिकटवली, कारण पुढे चिकटवायला भिंतच नव्हती. दारातून फोटो काढला आणि पडद्यावर पुढच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर मोजलं. मग पुन्हा मोजलं. संध्याकाळपर्यंत मोजतच होते. दर वेळी तेच माप, दशांशचिन्हापुढच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत तेच. एकाच फोटोतून दुसरं निघणार तरी काय, ही शंका त्या डोक्याला शिवली नाही. एकदा हातानेही बघूया का, असं बायकोने विचारलं, तर त्यांनी तिला खात्रीलायक मोजमाप या विषयावर व्याख्यान दिलं. सुतारही तसलाच. जागा बघायला येणार होता, पण दशांशातले एवढे आकडे पाहून दबला आणि न येताच कामाला लागला.

कपाट आलं ते वीतभर जास्त रुंद. दशांशरावांनी आधी सुताराला फैलावर घेतलं, मग त्याचं पितळ उघडं पाडायला कपाटाच्या दारावर पट्टी चिकटवून फोटो काढला. माप कागदाशी तंतोतंत जुळलं.

"म्हणजे कपाट बरोबर," सुतार म्हणाला.

"हो."

"आणि तुमचा फोटोही बरोबर."

"अर्थात."

"मग भिंती चुकल्या असतील, साहेब," असं म्हणून सुतार चपला घालून निघून गेला. आणि हा शहाणा माणूस खरोखरच घर बांधणाऱ्याचा फोन नंबर शोधायला लागला.

बायको इतका वेळ पलंगावर बसून हे सगळं ऐकत होती. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"अहो, परवा कारखान्यात त्या नव्या मुलीला तुम्ही कशावरून झापलंत? जेवताना सांगत होता."

"तिने जाळी ठोकळ्यावर ठेवली आणि पट्टी खाली काचेवर," दशांशराव उत्साहाने म्हणाले. "जवळची वस्तू मोठी दिसते. पट्टी आणि वस्तू एका पातळीवर हवी, एवढी साधी अक्कल..."

इथे त्यांची नजर मागच्या भिंतीवरच्या पट्टीकडे गेली. तिथून ती पुढच्या कोपऱ्यांवर आली आणि तिथेच अडकली. फोन त्यांनी हळूच खिशात घातला.

बायकोने पुढे एक अक्षरही ऐकून घेतलं नाही. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली दशांशरावांचं टेबल होतं, त्यावर संगणक आणि कॅमेरा. तिने त्या भिंतीवर विती टाकल्या, मग टेबलावर टाकल्या, आणि शेजाऱ्यांना हाक मारली. खिडकीखालची जागा कपाटाला मिळाली. टेबल त्या खोलगट जागेत ढकललं, ते पहिल्या झटक्यात बसलं.

आता तिचे कपडे उजेडात आहेत. दशांशराव भिंतीकडे तोंड करून काम करतात. नाकासमोर त्यांचीच पट्टी अजून चिकटलेली आहे. ती काढायची नाही, असं घरात ठरलेलं आहे.