गिनती पुरी न्हाई, सर

मला माझ्याच घरातून उचलून माझ्याच तासाला नेणारा विद्यार्थी मी आयुष्यात एकच पाहिला. हवालदार किशन मारोती जाधव, सैन्यातून निवृत्त, सध्या नांदेडला आमच्या कॉलेजात बी. ए. प्रथम वर्ष.

सकाळचा तास होता आणि मी डोक्यावरून चादर ओढून पडलो होतो. दार वाजलं. बायकोनं उघडलं. बाहेरून खणखणीत आवाज आला, "ताई, सरांला उठवा. पोरं समदी गोळा करून बसवलीत. गिनतीत सर तेवढे कमी हायत."

मी लुंगीवरच बाहेर आलो. म्हणालो, "जाधव, आज तब्येत जरा..."

"लई बिघडली का, सर? लई असंल तर दवाखान्यात नेतो. थोडी असंल तर वर्गात."

स्कूटी चालूच होती. समोरच्या गॅलरीत शेजारी तोंडात ब्रश धरून थिजले होते. मी पँट चढवली आणि मुकाट मागं बसलो. वर्गात शिरलो तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या मी विसरलो नाही. पुढं जे झालं ते त्या टाळ्यांमुळं झालं, आणि ते आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस 'मेजर' असतो. "म्या हवालदार हाय," असं जाधवांनी आठवडाभर सांगून पाहिलं आणि नाद सोडला. लोह्याकडचं गाव. कॉलेजजवळ एक खोली. निवृत्त सैनिकांनी शिकावं म्हणून एक संस्था फी आणि पुस्तकांचा खर्च देते, त्यावर त्यांचं शिक्षण. पेन्शन पोराच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हप्त्यात जायची. संस्थेची एकच अट, हजेरी भरली पाहिजे. ती वाचून मेजर खूश. "बगा सर, किती सोपं! नुस्तं हजर ऱ्हायचं."

पहिल्याच तासाला शेवटच्या बाकावरून ते उठले. "सर, गिनती?"

"कसली गिनती?"

"नावं न्हाई का घेणार?"

आमच्या धंद्यातला रिवाज असा, की महिनाअखेरीस स्टाफरूममध्ये चहा पीत सगळ्यांना एका दमात हजर करायचं. पण हा माणूस रोज उठायचा. पंधरवड्यानं मी वैतागून नावं घ्यायला लागलो. "जाधव किशन मारोती" म्हटल्याबरोबर टाचेवर टाच आपटून "हजर, सर!" पहिल्या दिवशी बाकावरची पाण्याची बाटली खाली पडली आणि माझ्या तोंडून "बसा, साहेब" असं निघून गेलं.

तिथंच थांबलं असतं तर बरं. पण गैरहजर नाव ऐकलं की मेजर बाकावरून उठायचे. "गिनती पुरी न्हाई, सर," म्हणत ते स्कूटीला किक मारायचे. टपरीवरून, बसस्टँडवरून पोरं आणून बसवायचे. अझहर नावाचा पोरगा चुलत्याच्या पंक्चरच्या दुकानात अडकलेला असायचा. एके दिवशी तो एकटाच धापा टाकत आला.

"आणि मेजर?"

"दुकानावर बसलेत, सर. मला म्हणाले, तू जा, ट्यूब म्या बघतो."

मला सगळं कळत होतं. कानात त्या टाळ्या वाजत होत्या. मी जाधवांपुढं गैरहजर लिहिलं. दुसऱ्या दिवशीही ते दुकानावरच, तिसऱ्याही. अझहर हजर, मेजर गैरहजर. सहामाहीपर्यंत.

सहामाहीला हजेरी कमी भरली म्हणून शिष्यवृत्ती थांबली. मी हबकलो. अद्दल घडावी एवढंच मनात होतं. माणसाला कॉलेजातून उठवायचं नव्हतं. त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, "आकडा माझ्या हातात आहे, जाधव. दुरुस्त करतो."

"कामून?" ते म्हणाले. "म्या वर्गात न्हवतोच की, सर. तुमी बरोबरच लिवलं. खोटी गिनती कवा देऊ ने."

धरणीनं पोटात घ्यावं, असं मला झालं. फी मी भरतो म्हणालो, तर त्यांनी असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

फी थकली म्हणून आठवड्याभरात कॉलेजनं त्यांचं नाव कमी केलं. दुसऱ्या दिवशी मी नावं घेत गेलो आणि सवयीनं तेही घेतलं. कुणी टाच आपटली नाही. अख्खा वर्ग दाराकडं बघत राहिला. मग अझहर मला म्हणाला, "सर, गाडी आहे ना तुमच्याकडं?"

मी गेलो. मेजर बनियनवर खोलीच्या पायरीवर बसले होते. पायात मात्र पॉलिश केलेले बूट.

"गिनती पुरी नाही," मी म्हणालो.

"नाव कटलं की, सर."

"बसायला कोण अडवतंय? चला." आणि एकदाचं बोलून टाकलं, "जाधव, ते मी रागानं लिहिलं होतं."

"ठावं हाय," ते शांतपणे म्हणाले. "आमचे सुभेदार बी असंच करायचे." मग बुटाकडं बघत बोलायला लागले. "फौजेत रोज सांजच्याला गिनती व्हायची. लई कटाळा यायचा. घरी आलो. मंडळी आधीच वारलेली, पोरगं पुण्याला. सांज झाली की अंगणात उभा ऱ्हायचो. कोण नाव घ्येना. म्या हाय का न्हाई, कोणाला ठावं? मंग वाटलं, कॉलेजात तरी रोज नाव घेत असतील."

पहिले पंधरा दिवस मी तेही घेतलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ते संस्थेकडं पुन्हा अर्ज करणार आहेत. तोवर शेवटच्या बाकावर बसतात. हजेरीपटावर त्यांचं नाव नाही. सगळी नावं संपली की मी पट मिटतो, आणि मग ते घेतो. बाटल्या पोरं आधीच खाली ठेवतात.